व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस: शेजारी असून इतके वेगळे कसे?

घाटमाथा
मंडळी, दिवाळीनंतर व्हिएतनाम आणि कंबोडिया असा बेत शिजतोय. व्हिसा, हॉटेल, सिमकार्ड यांवर इथे चिक्कार धागे आहेत, ते नको. मला इतिहास हवाय, आणि तोही अमेरिकेच्या युद्धाआधीचा.

नकाशात हे दोन देश एकमेकांना चिकटून आहेत. पण हनोईचे फोटो बघावेत तर चिनी वळणाची छपरं, घरोघरी पूर्वजांचे देव्हारे, चॉपस्टिक्स. कंबोडियात अंगकोर, भिंतीवर समुद्रमंथन, संस्कृत शिलालेख, भगव्या वस्त्रांतले भिक्खू. आणि व्हिएतनामच्याच मधल्या किनाऱ्यावर ‘मी सन’, ‘न्या चांग’ या गावी शंकराची देवळं, ‘चाम’ नावाच्या लोकांनी बांधलेली. हे चाम कोण? गेले कुठे? आणि या दोन जगांमधली रेष नेमकी कुठून जाते? माझं वाचन सध्या विकिपीडियापुरतं आहे, तेव्हा जाणकारांनी हात मोकळा सोडावा.

रिकामटेकडा
दाणे घेऊन बसलोय. येऊ द्या.

अभ्यासू_आळशी
आधी डोंगर आणि पाणी बघा. उत्तरेतलं लाल नदीचं खोरं दक्षिण चीनला जमिनीने जोडलेलं आहे, सैन्य चालत येऊ शकतं. आणि ते आलंच. इ.स.पू. १११ मध्ये हान साम्राज्याने हा मुलूख घेतला, आणि मधली बंडं वगळली तर इ.स. ९३८ पर्यंत तिथे चिनी अंमल होता. हजार वर्षं झाली ही! बंडांमधलं सगळ्यात गाजलेलं इ.स. ४० मधलं चुंग भगिनींचं. दोघी बहिणींनी तीन वर्षं राज्य केलं, मग चिनी सेनापतीने मोडून काढलं. आजही गावोगावी त्यांच्या नावाचे रस्ते आहेत.

९३८ला न्गो क्वेन या सरदाराने बाख दांग नदीच्या पात्रात लोखंडी टोकांचे खांब ठोकून ठेवले. भरतीला चिनी गलबतं आत येऊ दिली, ओहोटी लागली तशी ती खांबांवर अडकली. पुढे १२८८ मध्ये सेनापती चन हुंग दाओने त्याच नदीत मंगोलांना त्याच डावाने बुडवलं.

पण चिन्यांना हाकलल्यावर यांनी चिनी राज्यपद्धत टाकली नाही, उलट जास्त नेटाने चालवली. हनोईचं साहित्य मंदिर १०७०चं, कन्फ्यूशियसला वाहिलेलं. परीक्षा देऊन राजाची नोकरी मिळवायची पद्धत १०७५ला सुरू झाली आणि १९१९ पर्यंत टिकली. मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत, उत्तीर्णांची नावं कोरलेल्या. एमपीएससीवाल्यांनी जरूर दर्शन घ्यावं.

दक्षिणेकडे माणसं आणि कल्पना आल्या समुद्रावरून, मोसमी वाऱ्यांबरोबर. व्यापारी, ब्राह्मण, बौद्ध भिक्षू. त्यांच्यामागे सैन्य नव्हतं. मेकाँगच्या मुखाजवळ ओक एओ इथे उत्खननात रोमन बादशहाच्या छापाचं पदक सापडलंय, भारतीय वळणाच्या वस्तू तर ढिगाने. हे ठिकाण आज व्हिएतनाममध्ये आहे, बरं का. म्हणजे आजची सरहद्द डोळ्यांसमोर ठेवून जुनी रेष शोधायला गेलात तर चकवा लागणार.

तात्या_सदाशिव
हे सगळं ठीक, पण मुख्य मुद्दा कुणीच लिहीत नाही. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवछत्रपतींचं चरित्र वाचून. त्यांच्या मंत्रीणबाई रायगडावरची माती घेऊन गेल्या. अध्यक्षांच्या समाधीवर ‘शिवाजीचा मावळा’ असं कोरलेलं आहे. आमच्या ग्रुपवर फोटोसकट आलं होतं.

रिकामटेकडा
आला! मी वाटच बघत होतो. तात्या, फोटोत अक्षरं वाचता येत होती का?

सुकट_बोंबील
तात्या, मी सायगावजवळ एका कारखान्यात नोकरी करतो, हनोईला कामासाठी जाणं होतं. हो ची मिन्ह यांच्या समाधीवर दर्शनी बाजूला त्यांचं नाव आणि पद आहे, बाकी काही नाही. त्या फॉरवर्डला कसलाही आधार नाही. महाराजांचं मोठेपण हनोईच्या दाखल्यावर अवलंबून नाही, आणि त्या लोकांनाही लढायला बाहेरून गुरू आणायची गरज नव्हती. चन हुंग दाओचं वर लिहिलंच आहे. पंधराव्या शतकात ले लोयने डोंगरात राहून दहा वर्षं चीनच्या मिंग फौजांना जेरीस आणलं आणि १४२७ला हाकललं.

आणि १७८९चं ऐका, तुम्हाला आवडेल. चीनच्या चिंग घराण्याचं सैन्य हनोईत येऊन बसलं होतं. क्वांग चुंग राजाने आपल्या सैनिकांना तेत म्हणजे नववर्षाचा सण वाटेतच, तारखेआधी साजरा करायला लावला आणि खुद्द सणाच्या दिवसांत शत्रू सुस्तावलेला असताना छापा घातला. चिंग सेनापती रातोरात पळाला.

तात्या_सदाशिव
म्हणजे शाहिस्तेखान! रमजानचा महिना, लाल महाल! मी तेच तर म्हणतोय!

सुकट_बोंबील
साम्य आहे, नातं नाही. _/\_

शके_शोधक
रच्याकने, तात्यांसाठी एक खराखुरा दुवा देतो. आपल्या पंचांगावर जे ‘शके’ छापतात, तोच शक काळ ख्मेर (म्हणजे कंबोडियाचे लोक) आणि चाम शिलालेखांत आहे. ख्मेर भाषेतला सगळ्यात जुना कालनिर्देश असलेला लेख अंगकोर बोरेईचा, शके ५३३, म्हणजे इ.स. ६११. आणि शके ६०५चा सांबोरचा लेख तर जगप्रसिद्ध आहे, कारण त्यातल्या ६०५ मधलं शून्य टिंब देऊन लिहिलंय. स्थानमूल्यासह लिहिलेल्या शून्याच्या सगळ्यात जुन्या तारीखवार खुणांपैकी तो एक. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, घाटमाथाताई, चुकवू नका.

पंढरीचा_वाटसरू
नकाशावर व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावरचं फान रांग शोधताना दिसलं की त्याचं जुनं नाव ‘पांडुरंग’. रोमांच उभे राहिले. वारी तिथवर पोचली होती की काय?

अभ्यासू_आळशी
रोमांच परत बसवा. पांडुरंग हे चंपाच्या, म्हणजे चामांच्या मुलखाच्या, दक्षिणेकडच्या राज्याचं नाव, आणि देवस्थानं तिथली शैव. विठ्ठलाशी संबंध जोडायला काहीही पुरावा नाही. चंपा म्हणजे एकच सलग साम्राज्य होतं असंही समजू नका. अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग अशी किनाऱ्यावरच्या खोऱ्याखोऱ्यांतली राज्यं, कधी एका छत्राखाली, कधी आपापली. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने मी सनच्या खोऱ्यात भद्रेश्वर नावाचं लिंग स्थापलं आणि पुढची सुमारे नऊशे वर्षं तिथे देवळं उठत राहिली.

भाषा मात्र संस्कृत नव्हे. चाम भाषा मलय, आचेनी यांच्या घराण्यातली. ही माणसं मूळची दर्यावर्दी. त्या घराण्यातल्या कुठल्याही भाषेचा सर्वांत जुना उपलब्ध लेख चामच आहे, चौथ्या शतकाच्या आसपासचा.

भगवा_सह्याद्री
थोडक्यात काय, एक अख्खं हिंदू राज्य होतं आणि ते पुसलं गेलं. आपली संस्कृती तिथे नष्ट केली, आणि आपण तिथे जाऊन सेल्फी काढतो. दुःख होतं.

नर्मदा_तीर
‘आपली’ म्हणजे नक्की कुणाची हो? चाम राजांनी शिव घेतला तो स्वतःच्या अटींवर. न्या चांगच्या पो नगर देवळात भगवती आहे, पण चाम लोकांसाठी ती त्यांच्या देशाची आई, भातशेती आणि विणकाम शिकवणारी. पुढे व्हिएतनामी लोक आले, त्यांनी तिला थिएन या ना हे नाव दिलं आणि तेही पुजू लागले. आज त्याच गाभाऱ्यासमोर दोन्हीकडच्या बायका उदबत्त्या लावतात. याला पुसणं म्हणायचं?

भगवा_सह्याद्री
मग १४७१ला काय झालं ते सांगा की.

नर्मदा_तीर
सांगते. त्या वर्षी ले थान तोंग राजाने विजय हे शहर घेतलं, प्रचंड कत्तल झाली, हजारो माणसं धरून नेली. शेवटचं उरलेलं पांडुरंग १८३२ला मिन मांग बादशहाने खालसा केलं. हे राज्य गिळणं होतं, यात वाद नाही. पण ते हिंदू म्हणून झालं नाही, जमीन हवी म्हणून झालं. व्हिएतनामी लोक यालाच ‘दक्षिणेची चाल’ म्हणतात. आणि चामही काही गरीब गाय नव्हते. चे बोंग न्गा या चाम राजाने १३७१ला खुद्द हनोई लुटलं. त्याआधी ११७७ला चाम फौजांनी अंगकोरवर चाल केल्याचं परंपरेने सांगितलं जातं. बायोन मंदिराच्या भिंतीवर ख्मेर आणि चाम यांची नाविक लढाई कोरलेली आहे, पाण्यात पडलेल्यांना मगरी खातायत इथपर्यंत. दोघेही शिव-विष्णू-बुद्ध मानणारेच. एकाच देवाचे भक्त म्हणून भांडणं थांबतात असा नियम असता तर आपल्याकडेही कमी रक्त सांडलं असतं.

अजून एक गोष्ट. १३०६ला व्हिएतनामी राजकन्या हुयेन चान चामांचा राजा चे मान याला दिली. बदल्यात चामांनी दोन परगणे दिले, आजचं ह्वे शहर त्याच पट्ट्यात येतं. वर्षभरात राजा वारला. चाम प्रथेप्रमाणे राणीने चितेवर जायचं. तिच्या माहेराने एक सरदार पाठवला, त्याने समुद्रावर विधी करायचा बहाणा करून तिला जहाजात घातलं आणि पळवून नेलं. प्रवासाला म्हणे खूपच वेळ लागला, आणि सरदार-राजकन्येबद्दल लोक तेव्हापासून कुजबुजतायत.

रिकामटेकडा
मालिका काढा कुणीतरी. हजार भाग नक्की.

सुकट_बोंबील
‘चाम गेले कुठे’ हा मूळ प्रश्न राहूनच जातोय. कुठेही गेले नाहीत. २०१९च्या जनगणनेनुसार व्हिएतनाममध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत, कंबोडियात त्याहून जास्त. फान रांगच्या आसपास दोन समाज शेजारी राहतात: एक ‘बालामोन’, म्हणजे ब्राह्मण परंपरेतले, आणि दुसरे ‘बानी’, म्हणजे इस्लामला आपल्या पद्धतीने रुजवून घेतलेले. बानी लोकांचे धर्मगुरू रमजान पाळतात, सामान्य लोकांची बरीचशी कामं तेच भागवतात. दोन्हीकडे घर आईच्या बाजूने चालतं आणि धाकटी मुलगी वारस. मेकाँगच्या मुखाकडचे आणि कंबोडियातले चाम मात्र बहुतेक सुन्नी मुसलमान.

फान रांगमध्ये पो क्लाँग गाराय या जुन्या चाम राजाच्या नावाचे विटांचे मनोरे आहेत. तिथे ‘काते’ हा सण होतो. त्या राजाची वस्त्रं वर्षभर डोंगरातल्या राग्लाय लोकांकडे असतात. सणाच्या आदल्या दिवशी राग्लाय मिरवत ती खाली आणतात, दुसऱ्या दिवशी देवाला, म्हणजे देव झालेल्या राजाला, स्नान घालून नेसवतात. लिंगावर राजाचा चेहरा कोरलेला आहे, मिशांसकट. मी माझ्या चाम सहकाऱ्याच्या घरी जेवलो होतो त्या दिवशी. त्याची आई मला विचारत होती की तुमच्याकडे अजून बैलावर बसलेला देव आहे का. हो म्हटल्यावर ताटात आणखी मासे आले.

जवळच बाउ चुक गावात बायका चाकाशिवाय मडकी घडवतात. मडकं जागेवर आणि बाई त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. युनेस्कोने २०२२ला ही कला तातडीने जपायच्या यादीत घातली.

सुगरण_नाही_मी
माझा साधा प्रश्न. शाकाहारी माणूस तिथे जगतो का? आमच्या टूर कंपनीने (नाव लिहीत नाही) ‘इंडियन मील’ कबूल करून रोज तेच पनीर खायला घातलं. शेवटी खाकऱ्यांवर दिवस काढले.

सुकट_बोंबील
मस्त जगतो. ‘चाय’ हा शब्द दिसला की आत शिरा, म्हणजे बौद्ध शाकाहारी खानावळ. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला बरेच व्हिएतनामी लोक स्वतःच शाकाहार करतात, तेव्हा तर रांगा लागतात. बाहेर मात्र नुसत्या भाज्या मागितल्या तरी त्यात माशाचा सॉस असणारच. न्युक माम नसेल तर त्यांना जेवण अळणी लागतं. कंबोडियात त्याच जागी प्राहोक, लाओसात पादेक. आमच्या कोकणात सुकट जे काम करते ते हे तिघं इथे करतात. तुमची रेष शोधायचीच तर इथे सापडणार नाही, आंबवलेल्या माशाने तिन्ही देश एक केलेत.

रिकामटेकडा
तुमचा आयडीच तुमची साक्ष देतोय.

घाटमाथा
बापरे, किती मिळालं! वाचनखूण साठवली. पण कंबोडियाकडून कुणीच बोललं नाही.

अनवट_वाट
मी काही वर्षं नॉम पेन्हला एका संस्थेत होते. एक सल्ला: सिएम रीपच्या (अंगकोरजवळचं शहर) गाइडला व्हिएतनामबद्दल सहज म्हणून विचारू नका. मेकाँगच्या मुखाचा सगळा प्रदेश पूर्वी ख्मेर होता. सायगावचं ख्मेर नाव प्रेय नोकोर. सतराव्या शतकात व्हिएतनामी वस्ती वाढत गेली आणि १६९८ला न्गुयेन सरदारांनी तिथे आपला कारभार बसवला. ख्मेर माणसाच्या मनात ही जखम अजून ओली आहे. आजही सोक चांग, चा विन्ह भागात ख्मेर वस्ती आणि थेरवादी बौद्ध विहार आहेत, त्याच व्हिएतनाममध्ये.

त्यावर १९७९. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने पावणेचार वर्षांत देशाचं स्मशान केलं होतं. ७ जानेवारी १९७९ला व्हिएतनामी सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरलं आणि ती राजवट संपली. सुटका झाली हे खरं, आणि ते सैन्य पुढे १९८९ पर्यंत राहिलं हेही खरं. एकाच घरात बाप ७ जानेवारीला मुक्ती म्हणतो आणि मुलगा आक्रमण म्हणतो, हे मी जेवणाच्या पंगतीत ऐकलंय. तुमच्या चामांचं पण त्याच काळातलं: ख्मेर रूजने कंबोडियातल्या चामांना वेचून मारलं, आणि २०१८ला विशेष न्यायालयाने त्याला वंशसंहार म्हटलं.

भगवा_सह्याद्री
हे माहीत नव्हतं. मी सनबद्दलही कुणी लिहा. तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने काम केलंय ना?

शके_शोधक
केलंय. २०१७ ते २०२२ या काळात तीन गटांतली देवळं सावरली, आणि मे २०२०मध्ये उत्खननात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग निघालं. पण त्याआधीचं श्रेय एका पोलिश माणसाचं. ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकी बाँबफेकीत मी सनचं सगळ्यात भव्य देऊळ जमीनदोस्त झालं. ऐंशीच्या दशकात काझिमिएर्झ क्वियाट्कोव्स्की हा वास्तुतज्ज्ञ आला, लोक त्याला काझिक म्हणत. भोवती न फुटलेले सुरुंग, जवळ पैसा नाही, आणि हा माणूस रानात मुक्काम ठोकून विटा मांडत बसला. १९९७ला ह्वे इथे वारला. दोन वर्षांनी मी सन जागतिक वारसा झालं. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. मूर्ती बघायच्या तर दा नांगचं चाम संग्रहालय, १९१९ला उघडलेलं. मी सन बघायच्या आधी ते बघा, नाहीतर रिकाम्या गाभाऱ्यांत काय होतं ते कळत नाही.

मेळघाटचा_पाहुणा
अवांतर करू का थोडं? मी धारणीकडचा. आमच्याकडे कोरकू बोलतात. ती मुंडा गटातली भाषा, म्हणजे संथालीची बहीण, आणि मुंडा, खासी, ख्मेर, व्हिएतनामी हे सगळं एकच मोठं कूळ, ऑस्ट्रोआशियाई. संथालीत तीन-चारला ‘पे, पोन’ म्हणतात, ख्मेरमध्ये ‘बेइ, बुओन’, व्हिएतनामीत ‘बा, बोन’. तुम्ही लोक पांडुरंग न् शिवाजी शोधून राह्यले तिथं, अन् खरे सोयरे अमरावती जिल्ह्यात बसून आहेत.

रिकामटेकडा
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. तात्या, फॉरवर्ड करा.

तात्या_सदाशिव
केला.

मांडवीकाठ
गोव्याचाही एक धागा आहे. आज व्हिएतनामी रोमन लिपीत लिहितात, त्या लिपीचा पाया पोर्तुगीज जेझुइटांनी (कॅथलिक धर्मप्रसारकांचा संघ) घातला. फ्रान्सिस्को द पिना हा त्यातला आद्य, आणि त्याचा शिष्य अलेक्झांडर द ऱ्होड्स याने १६५१ला रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापला. हा द ऱ्होड्स १६१९ला लिस्बनहून निघून आधी गोव्यात आला आणि तिथे राहून पुढे गेला. त्याच्या तीनच वर्षं आधी, १६१६ला, राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं होतं, मराठी भाषा रोमन लिपीत! एकाने दुसऱ्याचं बघून केलं असा माझा दावा नाही, पण पूर्वेकडच्या भाषा रोमन अक्षरांत बसवायचा उद्योग तेव्हा त्या संघात सगळीकडे चालू होता. आपल्याकडे देवनागरी तगली, तिकडे विसाव्या शतकात चिनी अक्षरं मागे पडली. परिणाम असा की आजचा व्हिएतनामी मुलगा आपल्या पणजोबांच्या थडग्यावरचा मजकूर वाचू शकत नाही.

घाटमाथा
माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मग काय समजू? रेष आहे की नाही?

अभ्यासू_आळशी
आहे, पण एक नाही. नववर्ष घ्या. व्हिएतनामी तेत चिनी पंचांगाने जानेवारी-फेब्रुवारीत. ख्मेर, लाओ, थाई नववर्ष एप्रिलच्या मध्यावर, सूर्य मेषेत जातो तेव्हा. इथे रेष लख्ख दिसते. बौद्ध धर्म घ्या: तेत वाले महायानी, बाकीचे थेरवादी, इथेही बरीचशी तीच रेष. जेवायची पद्धत घ्या: व्हिएतनामी काड्या, ख्मेर चमचा, लाओ माणूस चिकट भाताचा गोळा हाताने मोडून खातो. पण भाषा घेतली की ख्मेर आणि व्हिएतनामी एका बाजूला आणि लाओ दुसऱ्या. मासे घेतले तर सगळे एक. राज्यकारभार आणि लिहिणं-वाचणं वरून आलं, तिथे फरक मोठा. शेत, जेवण, पाण्याची आणि झाडाची भुतं यांत फार कमी.

नर्मदा_तीर
एवढं पटतं. फक्त ‘वरून आलं’ म्हणताना लाओसही धरा. तिथे तर डोंगरातलं वाट फू हे शिवाचं जुनं ख्मेर देऊळ पुढे बुद्धाचं झालं आणि अजून पूजेत आहे. लाओसला या धाग्यात सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलंय.

घाटमाथा
लाओस पुढच्या वेळी, नवीन धागा काढेन. आत्ता ठरलं ते असं: हनोई, ह्वे, दा नांगचं संग्रहालय, मी सन, फान रांग, सायगाव, मग नॉम पेन्ह आणि अंगकोर. काते बघायला मिळेल का दिवाळीनंतर?

सुकट_बोंबील
नाही. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी असतो, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. रजा अलीकडे ओढता आली तर बघा. नाहीतरी दिवाळीच्या सुमाराला ह्वे आणि होई आनला तुफान पाऊस आणि पूर असतो, हे तुम्हाला टूरवाले सांगणार नाहीत. फान रांगला मात्र तेव्हाही पाऊस कमीच, देशातला सगळ्यात कोरडा भाग तो. रेल्वेने या. स्टेशनचं नावच ‘थाप चाम’, चाम मनोरे. तिथून टेकडीवर पो क्लाँग गाराय दिसतो, रिक्षासुद्धा लागत नाही.

सुगरण_नाही_मी
आणि ‘चाय’ खानावळ आहे का त्या स्टेशनजवळ?

सुकट_बोंबील
आहे. शनिवारी जाऊन पाटीचा फोटो टाकतो.